'हिंमत धर' म्हणण्याआधी: कॉलेजात या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केली आहे. गोंदियाकडची एक विद्यार्थिनी, इथे नागपुरात धरमपेठेत रूम करून राहणारी. दोन विषय बॅक राहिले तेव्हा स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, "सर, झोपच लागत नाही." मी म्हणालो, "एवढं काय त्यात? हिंमत धर." तीन सहकारी ऐकत होते. ती "हो सर" म्हणून गेली, ती परत बोलायला आलीच नाही.

तुमच्याकडूनही असं झालं असेल, तर ती येईल म्हणून वाट पाहू नका. आपण होऊन बोलवा. "त्या दिवशी मी नीट ऐकलं नाही, आज अर्धा तास तुझ्यासाठीच ठेवला आहे," एवढं पुरतं. चारचौघांत नको, रिकाम्या वर्गात बसा. 'असं का वाटतं?' यापेक्षा झोप किती लागते, मेसला जेवायला जातेस का, हे विचारा. जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच मन न लागणं, झोप-भूक बिघडणं हे दोन आठवडे टिकलं, तर समजूत घालत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका. विषारी औषधं, गोळ्या हाताशी राहू देऊ नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. रूममेटला आणि विश्वासातल्या नातेवाइकाला सोबत घ्या आणि मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत घेऊन जा. धोका समोरच असेल तर 112. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. पोलीस केसच्या भीतीने पालक गोष्ट दाबतात. त्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि शिक्षेपासून संरक्षण देतं.

'समुपदेशकाकडे जा' एवढं सांगून मोकळं होणं हीही चूकच. आपल्या शहरात एका चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात, पोरं त्यावरून एकमेकांना चिडवतात. अशा ठिकाणी एकट्याने ते दार ठोठावणं सोपं नाही. पहिल्या दिवशी सोबत चला, बाहेर बसून राहा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. नेमणूक कागदावर असेल पण बसायला खोली नसेल, तर प्राचार्यांकडे खोली मागा.

आता प्राध्यापकांचं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसतं. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, तो पुढच्या सत्राच्या काळजीत असतो. त्याला ताणमुक्तीच्या कार्यशाळेत बसवून काय साधणार? मला तर हा अन्याय वाटतो. त्याचं थकलेलं मानधन वेळेवर काढा, रविवारी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली मागू नका, रात्रीचे व्हॉट्सअ‍ॅप आदेश थांबवा. आणि तो गप्प गप्प राहू लागला, तर विद्यार्थिनीला विचारायला हवं होतं तेच त्यालाही विचारा: सर, झोप लागते का?