लहान रोप की फुलावर आलेलं? ऑर्किड आणण्याआधीची तयारी

नर्सरीत जाण्याआधी घरातच एक काम उरकून घ्या. ज्या खिडकीत ऑर्किड ठेवायचा विचार आहे, तिथे सकाळी दहा-अकराच्या सुमारास पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीत-सव्वा वीत उंचीवर तळहात धरा. बोटं मोजता येतील इतकी ठसठशीत सावली पडली तर ऊन जास्त आहे, पडदा लावावा लागेल. कडा पुसट पण हात ओळखू येतोय, एवढा उजेड फॅलेनॉप्सिसला, म्हणजे घरात सर्रास ठेवल्या जाणाऱ्या ऑर्किडच्या प्रकाराला, पुरतो. सावलीच दिसत नसेल तर तिथे ऑर्किड बरेच दिवस जिवंत राहील, पण फुलणार नाही. लहान घ्यायचं की मोठं, हे ठरवायला या कागदाची फार मदत होते. मोठं झाड अंगातल्या साठ्यावर एखादा हंगाम कमी उजेडात काढून नेतं. लहान रोपाकडे साठाच नसतो. ते वर्षभर आहे तेवढंच राहतं आणि आपल्याला वाटतं, खत कमी पडलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरातलं पहिलं ऑर्किड फुलण्याच्या वयाचं घ्यावं, शक्यतो एकदा फुलून गेलेलं. दुसरं-तिसरं घेताना एक पायरी खाली यावं, नर्सरीवाले ज्याला 'निअर ब्लूमिंग साइज', म्हणजे फुलण्याच्या बेतात आलेलं, म्हणतात त्यावर. पैशाच्या हिशेबाने हाच सगळ्यात चांगला सौदा आहे, कारण रोप नाजूक वयातून बाहेर आलेलं असतं आणि फुलांची किंमत त्यावर अजून चढलेली नसते. दोन इंची कुंडीतली बोटभर रोपं त्यानंतर. आणि प्रयोगशाळेच्या बाटलीतली, फ्लास्कमधली पिल्लं फ्लॅटमध्ये आणूच नयेत. त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावायला भरपूर दमट आणि स्वच्छ जागा लागते, बुरशीनाशकाची फवारणी आलीच, आणि ज्या खोलीत आपण झोपतो तिथे ती करणं मला पटत नाही.

कॅटलॉगमधले शब्द वाचता आले पाहिजेत. 'सीडलिंग', म्हणजे अजून लहान रोप, असं लिहिलं असेल तर फुलाला किती वर्षं, हे विचारून घ्या. फॅलेनॉप्सिस बाटलीतून निघाल्यापासून चांगल्या हरितगृहात साधारण दोन-अडीच वर्षांत फुलावर येतं, आपल्या खिडकीत त्याहून जास्त वेळ घेतं. कॅटलिया या दुसऱ्या प्रकाराला बीपासून चार ते सात वर्षं लागतात. आपल्याकडे ही वर्षं पावसाळ्यांत मोजावीत. लहान रोपाने किती पावसाळे काढायचे आहेत हा खरा प्रश्न असतो, कारण कुजण्याचं संकट जुलै-ऑगस्टमध्येच येतं. 'ब्लूमिंग साइज' याचाही अर्थ फक्त आकार फुलण्याजोगा झालाय एवढाच. ते झाड कधी फुललंय असं विक्रेत्याने म्हटलेलं नसतं. पुरावा हवा असेल तर पानांच्या बगलेत वाळलेल्या दांड्याचा कापलेला खुंट शोधा. तो दिसला की खात्री झाली.

दुसरी गोष्ट विचारायची ती ही, की रोप बियांपासूनचं आहे की टिश्यू कल्चरचं, म्हणजे एकाच झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेलं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अंकुराला पुरेल असं अन्न नसतं. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या पदार्थावर) बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं आणि बाटलीतल्या रोपांचा धंदा सुरू झाला. १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांच्या कामातून कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपं करण्याची वाट मोकळी झाली. ग्राहक म्हणून आपल्याला यातलं एवढंच लागतं: टिश्यू कल्चरच्या रोपाला सहसा लेबलवरच्या फोटोसारखंच फूल येतं. बियांच्या रोपाचं मात्र काही सांगता येत नाही, भावंडांत रंग-आकार वेगवेगळे निघतात. अशा रोपाच्या कुंडीत खोचलेला फोटो फार तर आई-बापांचा समजावा. काहींना हीच गंमत वाटते आणि त्यांनी जरूर बियांची रोपं घ्यावीत, पण बैठकीच्या खोलीला जांभळंच हवं असेल तर फूल डोळ्यांनी बघून मोठं झाड घेतलेलं बरं. शाईसारखं गडद निळं फॅलेनॉप्सिस दिसलं तर मात्र हात आखडता घ्या. पांढऱ्या फुलाच्या दांड्यात रंग सोडून ते निळं केलेलं असतं आणि पुढच्या खेपेला फुलं पांढरीच येतात.

बियांच्या रोपांची एक जमेची बाजू क्वचितच कुणी सांगतं. ऑर्किडचे दोन नेहमीचे विषाणू, सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, सहसा बियांतून पुढे जात नाहीत. ते पसरतात कात्री-सुरीतून. म्हणून फोड करून, म्हणजे मोठ्या झाडाचे भाग वेगळे करून दिलेल्या जुन्या झाडाच्या पानांवर काळपट चट्टे, रेघा, खड्डे नीट बघावेत आणि घरी कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरावी.

जात ठरवताना हवामानाशी भांडू नये. सिम्बिडियमचे डौलदार दांडे सिक्कीम-कालिम्पोंगच्या गारव्यातले, मुंबईत ते झाड कितीही मोठं आणलंत तरी नुसती गवतासारखी पानं सांभाळावी लागतील. व्हांडाला भरपूर उजेड आणि उघड्या मुळांवर जवळपास रोज पाणी लागतं, ती गॅलरीतली चीज आहे, दिवाणखान्यातली नाही. ग्रिलमध्ये सकाळचं ऊन येत असेल तर डेंड्रोबियम, नुसता उजेड असेल तर फॅलेनॉप्सिस, यात बहुतेक घरांचं भागतं. एक पथ्य मात्र पाळा. कुणी घाटातल्या झाडावरून ओरबाडून आणलेली सीतेची वेणी (आपल्याकडचं रानटी ऑर्किड) विकत असेल तर ती 'तयार झाड' म्हणून घेऊ नका. जंगलाचं नुकसान होतंच, शिवाय सालीला चिकटलेली मुळं तुटलेली असल्याने ते घरात क्वचितच तग धरतं.

आता प्रत्यक्ष निवड. फॅलेनॉप्सिस मोठं घेताना फुलांकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी झाड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. ते कुंडीत डुगडुगत असेल तर खाली मुळं उरलेली नाहीत. कुंडी पारदर्शक असेल तर काम सोपं: कोरडी मुळं रुपेरी-करडी आणि ओली झाली की हिरवी होतात, टणक असतात. तपकिरी दिसणारं एखादं मूळ चिमटीत दाबून बघा. साल निसटून आत नुसता दोरा हाताला लागला तर ते कुजलंय. अशी एक-दोन चालतील, बहुतेक सगळी तशी असतील तर फुलं कितीही टवटवीत असोत, झाड परत ठेवा. फुलांचा दांडा पुढे आठवडेच्या आठवडे तसाच उभा राहतो आणि खाली झाड मरत असतं. मग मधला पोंगा, म्हणजे नवं पान निघतं तो गाभा, बघा. तो घट्ट आणि हिरवा हवा, तळाशी काळपट किंवा पाणचट अजिबात नको. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं, ते सडलं की पुढे झाड वाढत नाही. कळ्या आणि फुलं अशी मिसळ असलेला दांडा निवडा, पण नुसत्या बारीक कळ्यांचा नको. जागा बदलली की त्या पिवळ्या पडून गळतात.

डेंड्रोबियमची परीक्षा वेगळी. त्याच्या कांड्या, म्हणजे नर्सरीवाले केन म्हणतात त्या, वयाच्या क्रमाने मोजा. प्रत्येक नवी कांडी आधीच्या कांडीइतकी किंवा तिच्याहून उंच आणि जाड असेल तर झाड चढतीवर आहे. सगळ्यात जुनी हातभर, मधली वीतभर आणि नवी चार बोटं, असा उतरता क्रम दिसला तर त्या झाडाचे चांगले दिवस मागच्या मालकाकडे संपले. पानं झडलेली कांडी बघून मात्र नाक मुरडू नका. ती जिवंत असेपर्यंत झाडाचं कोठार असते आणि पुष्कळदा तिच्याच शेंड्याला पुन्हा फूल येतं. घरी आणल्यावर 'वाळकी' म्हणून ती छाटण्याचा मोह टाळा. कॅटलियाच्या फोडीलाही हाच न्याय. किमान तीन-चार कंद (जाड, फुगीर खोडं) आणि एक फुगलेला डोळा, म्हणजे नवा कोंब, असल्याशिवाय घेऊ नका. एकाच कंदाची फोड स्वस्त मिळते, पण ती सावरण्यातच वर्षं जातात.

लहान रोपात बघायचं थोडंच असतं. वरचं नवं पान खालच्या पानाहून मोठं आहे का, तीन तरी जिवंत मुळं आहेत का आणि त्यांच्या टोकाला ओलसर हिरवा ठिपका आहे का. आहे म्हणजे मूळ पुढे सरकतंय. एकाच कुंडीत पंधरा-वीस रोपं दाटीने लावलेला 'कम्युनिटी पॉट' स्वस्त दिसतो, पण त्यातली किती जगतील याची जबाबदारी तुमची. रोप लहान असण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. थायलंड-तैवानच्या हरितगृहात वाढलेल्या मोठ्या झाडाची मुळं तिथल्या पाण्याची, तिथल्या माध्यमाची (कुंडीत भरलेल्या मिश्रणाची) असतात, आपल्याकडे आल्यावर त्यातली बरीच गळतात. छोट्याची जवळपास सगळी मुळं तुमच्या खिडकीत वाढतात, म्हणून एकदा जम बसला की ते मोठेपणी कुरकुर करत नाही. फॅलेनॉप्सिसच्या तीन-चार पानांच्या रोपाने घाईघाईने दांडा काढला तर तो खुडून टाका, मन मोठं करून.

सामान आधी आणून ठेवा. मोठ्या झाडाला लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे चालतात. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा, त्यातला क्षार आणि रंग निघून जायला हवा. लहान रोपाला हे खडबडीत मिश्रण फार लवकर कोरडं पडतं, त्याला बारीक तुकडे किंवा स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळकं शेवाळ) लागतं. तेच मॉस मोठ्या झाडाच्या कुंडीत ठासून भरलेलं असेल तर पावसाळ्यात मुळं कुजवतं. पुष्कळदा खोडाभोवती मध्यभागी बालपणीची स्पंजची किंवा कोकोपीटची गोळी तशीच राहिलेली असते, फुलं संपल्यावर कुंडी बदलताना तीही सोडवून काढा. बोअरवेलचं जड पाणी पानांवर पांढरे डाग आणि मुळांवर क्षार ठेवतं, पावसाचं किंवा आरओचं पाणी बरं. खत म्हणून कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं, पाण्यात विरघळणारं) पुरतं, मोठ्याला लिटरला एक ग्रॅम, छोट्याला त्याच्या निम्मं, आठवड्यातून एकदा.

आणायचं कधी? कुरियरने मागवणार असाल तर एप्रिल-मे सोडा, खोका गोदामात तापतो. भर पावसाळाही नको. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मोठ्या झाडांना उत्तम. फॅलेनॉप्सिस थंडीतच दांडे काढतं, रात्रीचं तापमान काही आठवडे १८-२० अंशांपर्यंत उतरलं की. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी ठेवली तरी एवढं होतं. छोट्या रोपांना या गारव्याचा काही उपयोग नाही, त्यांना उबेत वाढू द्यावं. पुण्याच्या बाजूला असाल तर त्यांना डिसेंबरच्या रात्री खिडकीच्या काचेपासून आत घ्या. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये आणि पुढे मुंबईत राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शनं भरतात, ती फोटोऐवजी खरी फुलं बघायला चांगली संधी. तिथे पहिल्याच फेरीत पाकीट काढू नका एवढंच.

मे महिन्यात गावी जाता का, दिवाळीत किती दिवस कुलूप असतं, हेही आधी ठरलेलं हवं. चार-पाच इंची कुंडीतलं झाड आठवडाभर पाण्यावाचून सहज राहतं, डेंड्रोबियम कांड्यांतल्या पाण्यावर त्याहूनही जास्त. दोन इंची कुंडी पुण्याच्या एप्रिलमध्ये एका दिवसात कोरडी पडते. शेजारच्या काकूंना चावी देऊन जायची सोय नसेल तर लहान रोपांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. शेजारी रोज तांब्याभर पाणी ओतणारा असेल तरीही.

घरात जागा ठरवताना एसीचा झोत आणि टीव्हीमागचा कोपरा टाळा. पंखा चालेल, हलती हवा हवीच असते. फुललेलं झाड आंब्याच्या आढीपासून आणि केळ्यांच्या घडापासून लांब. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने महिना-दोन महिने टिकणारी फुलं दोन दिवसांत माना टाकतात आणि दोष उगाच नर्सरीवाल्यावर जातो.

आणल्या दिवशी लगेच कुंडी बदलू नका. पहिले पंधरा-वीस दिवस नवं झाड बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा आणि पानांच्या बगलेत, दांड्याच्या जोडावर, कुंडीच्या तळाशी बघत राहा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून तो टिपून काढा, आठवड्याने पुन्हा बघा. तपकिरी टिकली नखाने खरवडून निघाली तर खवले कीड, तिलाही हाच उपाय. पानाच्या मागे बारीक जाळं आणि धुरकट चंदेरी छटा असेल तर लाल कोळी, पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसा. पोंग्यात पाणी साचलं तर कागदाच्या टोकाने शोषून घ्या, पावसाळ्यात तर रोज. आणि कुंडीला पट्टी लावून त्यावर झाडाचं नाव, आणल्याची तारीख आणि माध्यम पेन्सिलीने लिहा. पेनची शाई दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उडून जाते.