नुकत्याच घेतलेल्या जुन्या पोर्शे बॉक्सटर-केमनचं इंजिन गेलं तर

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, पाठीमागून ठणठण आवाज यायला लागला किंवा आरशात पांढऱ्या धुराचा लोट दिसला, की क्लच दाबून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा न्यायची नाही. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा ब्रेक दाबला की व्हॅक्यूम संपतो, म्हणून आधी कडेला, मग चावी.

त्यानंतर ‘एकदा मारून बघू’ म्हणून स्टार्टर मारायचा मोह आवरा. टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ) सरकलं असेल तर प्रत्येक क्रँकला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे एका क्रँकमध्येही कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी सहाही स्पार्क प्लग काढायचे आणि क्रँकशाफ्ट हाताने, पाना लावून फिरवायचा.

गाडी फ्लॅटबेडवरच न्या. पुढचा ओठ खाली असल्याने रॅम्पवर चढवताना चाकांखाली लाकडी फळ्या लागतात. टोइंगचा हुक पुढच्या डिकीत असतो आणि बॅटरी बसली असेल तर तीच डिकी उघडत नाही. त्यासाठी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधला लाल टर्मिनल बाहेर ओढायचा, त्याला दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह लावायचा आणि निगेटिव्ह दाराच्या लॅचच्या लोखंडी कडीला. मग रिमोटने किंवा आतल्या बटणाने डिकी उघडते.

इथलं बरंचसं २००५ ते २००८ मधल्या टाइप ९८७ बॉक्सटर आणि केमनबद्दल आहे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पोर्शे बहुतेक याच पिढीतल्या, आणि त्यांचं एम९६ किंवा एम९७ इंजिन काही ठरावीक ठिकाणीच दगा देतं. २००९ पासूनच्या इंजिनमध्ये इंटरमीडिएट शाफ्टच (क्रँककडून कॅमच्या चेन फिरवणारा मधला दांडा) नाही, त्यामुळे त्याच्या बेअरिंगची चिंता तिथे सोडून द्यायची. तपासणीचा क्रम मात्र तोच.

गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट लेखी कळवा: माझ्या लेखी परवानगीशिवाय इंजिन उघडायचं नाही. याची कारणं दोन. ‘इंजिन गेलं’ असं ठरवलेल्या बऱ्याच इंजिनांमध्ये एखादाच किरकोळ भाग गेलेला असतो. आणि विकणाऱ्याकडून पैसे परत मागायचे असतील तर न उघडलेलं इंजिन हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असतो.

किरकोळ भागांपैकी पहिला संशयित एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनमधल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग. यातला पडदा फाटला की इंजिन ऑइल थेट इनटेकमध्ये ओढतं, सुरू करताच पांढऱ्या धुराचे ढग निघतात आणि घेणारा घाबरून जातो. इंजिन चालू अवस्थेत ऑइल भरायचं झाकण काढायला गेलं तर ते आतून घट्ट ओढलेलं लागतं. थ्रॉटल बॉडीचा पाइप काढून बघा. आत ऑइलचं थारोळं असेल तर दोषी सापडला. हा भाग बदलण्याचा खर्च इंजिनच्या तुलनेत नगण्य आहे. पण ऑइल सिलिंडरमध्ये साचलं असेल तर तेही पाण्यासारखंच रॉड वाकवतं, म्हणून आधी प्लग काढून तपासा.

दुसरा संशयित ऑइल कूलर, म्हणजे इंजिनवर बसलेला छोटा हीट एक्सचेंजर. कूलंटच्या टाकीत तपकिरी साय दिसली की लगेच ‘हेड क्रॅक’ असं निदान होतं. पण चालत्या इंजिनमध्ये ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो. त्यामुळे कूलंटमध्ये ऑइल आहे आणि ऑइलमध्ये पाणी नाही, असं चित्र असेल तर आधी कूलर काढून त्याची प्रेशर टेस्ट करा. उलट ऑइलचं ताक झालं असेल तर प्रकरण गंभीर आहे.

हे दोन्ही नसेल तर ऑइल फिल्टरकडे वळा. निदानाचा निम्मा भाग इथेच होतो. त्यासाठी ७४ मिमी, १४ पैलूंचा कप पाना लागतो. ऑइल काढून स्वच्छ टबमध्ये घ्या (भरतं साधारण आठ लिटर). शंभर-शंभर मिलीच्या दोन बाटल्या भरून त्यांवर तारीख, किलोमीटर आणि तुमच्या व गॅरेजवाल्याच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवा. एक लॅबला पाठवायची, दुसरी सीलबंद ठेवायची. आता फिल्टरचा कागद दोन्ही टोकांजवळ धारदार कटरने कापून घड्या उलगडा. हॅकसॉ वापरू नका, तिचाच लोखंडी कीस कागदावर पडतो. कागद पिळून, सपाट पसरून उन्हात धरा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घड्यांवरून फिरवला की लोखंडी कण पिशवीला चिकटतात, आणि पिशवी उलटी केली की ते जसेच्या तसे पांढऱ्या कागदावर जमा करता येतात.

चुंबकाला चिकटणारे चकचकीत बारीक तुकडे दिसले तर इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. सोबत काळ्या कडक रबराचे कण असतील तर ते बहुधा त्याच बेअरिंगच्या सीलचे. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा केसिंगचं. तांबूस कण क्रँकच्या बेअरिंग शेलकडे बोट दाखवतात. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे चेनच्या गाइडचे असतात आणि थोडे असतील तर तेवढ्यावरून इंजिन मेलं असं धरायचं नाही. या पिढीतल्या बहुतेक इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग आधीपेक्षा मोठं आणि टिकाऊ आहे, पण ते बदलायला क्रँककेस फोडावी लागते. २००५ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये जुनं लहान बेअरिंग आहे. ते गिअरबॉक्स उतरवून बदलता येतं, मात्र कण इंजिनभर पसरायच्या आत.

आता बोअर स्कोअरिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे. ३.४ लिटरच्या ‘एस’ गाड्यांमध्ये हा आजार जास्त, २.७ मध्ये कमी. थंड इंजिनला टकटक आवाज, एकाच एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी आणि ऑइलची भूक ही लक्षणं. यात सगळ्यात जास्त फसवणूक कॉम्प्रेशन टेस्टमुळे होते, कारण ओरखडे पडलेला सिलिंडरही बऱ्याचदा चांगला आकडा देतो. लीक-डाउन टेस्ट करा (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती सुटते ते बघायचं), १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर ठीक, २५ च्या वर गेली तर इंजिन उघडणं टळत नाही. हवा कुठून सुटते ते कान लावून ऐका: ऑइलच्या तोंडातून आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड किंवा गॅस्केट. पण स्कोअरिंगची खात्री फक्त बोरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने होते. प्लगच्या भोकातून सिलिंडरचा खालचा भाग नीट दिसत नाही, म्हणून संप (इंजिनखालचं ऑइलचं पॅन) काढून खालून बघायला सांगा आणि सहाही सिलिंडरचे फोटो मागा.

गाडीचा कॉम्प्युटर काय सांगतो ते डीएमई (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) रिपोर्टमधून कळतं. तो कंपनीच्या टेस्टरने किंवा ड्युरामेट्रिक या पोर्शेसाठीच्या स्कॅनरने काढता येतो, साध्या ओबीडी स्कॅनरने नाही. एरर पुसण्याआधीच काढा. त्यात इंजिनचे एकूण तास असतात. ओडोमीटरवर ४२,००० किमी आणि तास २,१०० असतील तर सरासरी वेग पडतो ताशी २० किमी. आयुष्य अंधेरी-कुर्ला रोडवर काढलेल्या गाडीला हा आकडा शोभेल. ‘फक्त रविवारी एक्स्प्रेस-वेला काढायचो’ म्हणून विकलेल्या गाडीला शोभत नाही, तिथे किलोमीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. त्याच रिपोर्टमध्ये ओव्हर-रेव्हच्या (इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या) सहा पायऱ्या असतात. मॅन्युअल गाडीत वरच्या पायऱ्यांची नोंद म्हणजे कुणीतरी चुकीचा खालचा गिअर टाकून इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलं आहे. शेवटची नोंद कोणत्या तासाला झाली तेही दिसतं. ती २,०६० तासांवर असेल आणि तुम्ही गाडी जेमतेम ३०० किमी, म्हणजे दहा-पंधरा तास चालवली असेल, तर ती चूक तुमच्या काळातली नाही.

एवढं हातात आलं की विकणाऱ्याला पत्र लिहा. फोनवर भांडून काही निष्पन्न होत नाही. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने पाठवा, त्यात खरेदीची तारीख, तेव्हाचे आणि आताचे किलोमीटर, लक्षणं लिहा, रिपोर्टच्या प्रती जोडा आणि ‘सात दिवसांत तुमचा मेकॅनिक घेऊन या, इंजिन तुमच्यासमोर उघडू’ हे वाक्य नक्की घाला. तो आला नाही तर तसं लिहून, व्हिडिओ करत उघडा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं ‘इंजिन एकदम मक्खन’ आधीच जपून ठेवा. जाहिरात सगळ्यात आधी गायब होते.

विकणारा डीलर असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगात. मुदत दोन वर्षं, आणि तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. हेल्पलाइनचा नंबर १९१५. ‘आहे तशी’ असं लिहून घेतलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण खरेदीआधी तुम्ही तपासणी केली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते ते दोष डीलरच्या माथी मारता येत नाहीत. म्हणूनच दोष बाहेरून न दिसणारा होता हे बोरस्कोपच्या फोटोंनी दाखवायचं. एखाद्या खासगी मालकाने स्वतःची गाडी विकली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता साधारणपणे बंद असतो. तिथे दिवाणी दावा, आणि दोष माहीत असून लपवला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. जुन्या सर्व्हिसची बिलं शोधा. ‘ऑइल टॉप-अप’ वारंवार दिसलं तर ते सोन्यासारखं आहे.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, आणि पाण्याने झालेल्या नुकसानीला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्यावी लागते, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो.

दुरुस्ती करायची ठरली तर सर्वात मोठा धोका चांगल्या पण चुकीच्या मशीन शॉपचा आहे. आपल्याकडे लोखंडी ब्लॉक बोअर करून देणारे निष्णात लोक आहेत. पण या इंजिनच्या सिलिंडरची भिंत ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कण घातलेली असते. साध्या होनिंगच्या दगडाने ती घासली की कण उखडतात, पिस्टन थेट ॲल्युमिनियमवर घासतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये इंजिन पुन्हा जातं. ओरखडे पडले असतील तर योग्य उपाय म्हणजे निकासिल (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप) लावलेले स्लीव्ह, त्यांना साजेसे पिस्टन आणि हे काम आधी केलेलं शॉप. रॉडचे बोल्ट आणि फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून बसणारे असतात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत.

वापरलेलं इंजिन बसवायचं असेल तर ‘दुबईहून मागवतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. जुने सुटे भाग आयात करायला परवाना लागतो. इथल्याच अपघाती गाडीचं इंजिन घेत असाल तर त्या गाडीची आरसी, विमा कंपनीची कागदपत्रं आणि कोरलेला इंजिन नंबर जुळवून बिल घ्या. नंबर बदलला की आरसीवर नोंद करावी लागते, म्हणून पैसे देण्याआधीच आरटीओत कागद विचारून घ्या.

इंजिन कुठलंही बसवा, ऑइल कूलर नवाच घाला. जुन्याच्या आत अडकलेला धातू कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि तोच नव्या बेअरिंगमध्ये जातो. वॉटर पंपाची पाती तुटली असतील तर प्रत्येक तुकडा शोधा, राहिलेला तुकडा एखाद्या सिलिंडरचं पाणी अडवतो. पुढच्या बंपरमधल्या रेडिएटरसमोर अडकलेला पाला आणि धूळ बंपर काढून साफ करा. कूलंट व्हॅक्यूमनेच भरा. पाइप गाडीच्या पुढून मागे जातात, नुसतं ओतून भरलं तर हवा राहते आणि पहिल्याच घाटात हेड तापतं.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन आणि इग्निशन तोडून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा. मग आवाज ऐका, गळती बघा. पोर्शे ए४० मान्यतेचं ऑइल वापरा आणि पहिल्या ८०० ते १,००० किमीला ते बदलून फिल्टर पुन्हा कापा, तोच कटर, तोच पिशवीतला चुंबक.