स्वस्त लिप स्क्रब विकत घ्यावा का?
नाशिकच्या थंडीत ओठांची सालं निघू लागली की मेन रोडवरून स्वस्तातली लिप स्क्रबची डबी आणावीशी वाटते. आधी डबीमागचे घटक वाचा. बहुतेकांत मुख्य माल साखर आणि तेल किंवा मेण, म्हणजे घरात आहे तेच. चिमूटभर बारीक साखर, दोन थेंब खोबरेल. आठवड्यातून एकदा, बोटाने अगदी हलके चोळा. माझ्या मते एवढं पुरतं. विकतचाच हवा असेल तर अक्रोडाच्या कवचाचा चुरा, मेंथॉल, दालचिनी असलेला टाळा; ओठांची त्वचा फार पातळ असते. आणि भेगा पडून रक्त येत असेल तर कुठलाच स्क्रब नको, कृपा करून! तेव्हा झोपताना फक्त पेट्रोलियम जेली किंवा साजूक तुपाचा जाडसर थर लावा.