कॉम्प्रेसरची गरम हवा टाकीत जायच्या आधी थंड कशी करायची

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, पेंटिंग गनमधून पाणी येऊन राहिलं म्हणून फिल्टर बदलून बदलून थकलो, मग कळलं की हवा गरमच टाकीत जाते आणि पुढे लाइनमधे थंड झाली की पाणी सोडते. म्हणून हेड (कॉम्प्रेसरचा हवा दाबणारा भाग) आणि टाकीच्या मधे कूलिंग पाइप टाकला.

सगळे म्हणतात तांबंच घे. तांबं लोखंडाच्या सात-आठ पट उष्णता वाहून नेतं हे खरंय, पण दीड मिमी जाडीत तो फरक जाणवतच नाही भाऊ, कारण गाडी अडते पाइपाच्या बाहेर. आतली हवा दाबाची अन् जोरात पळणारी, ती धातूला उष्णता पटकन देते, बाहेरची हवा मात्र नुसती उभी असते, ती उचलणार किती? तांबं वाकवायला सोपं, गंजत नाही, म्हणून घ्या, पण जास्तीचा पैसा पंख्यावर लावा.

हिशेब बघा. १५ सीएफएमचं (मिनिटाला १५ घनफूट हवा देणारं) मशीन, हवा १५०° वरून ६०° वर आणायची, मे महिन्याचे बाहेर ४५°. साधारण ७०० वॅट उष्णता काढावी लागते. १५ मिमीचा पाइप बिना पंख्याचा ३० मीटरच्या वर लागेल, जोराचा पंखा असला तर १० मीटरच्या आसपास भागतं. आम्ही जुन्या कूलरचा पंखा लावला, उन्हाळ्यात तर गुंडाळी चालू कूलरसमोरच ठेवतो, कोरड्या हवेत कूलर मस्त काम करतो ना. पंखा जमतच नसेल तर चकचकीत तांब्याला काळा हीटप्रूफ रंग पातळ मारा, उष्णता जास्त फेकतं.

पीव्हीसी पाइप चुकूनही नको, गरम होऊन फुटतो. हेडपासून टाकीपर्यंत मधे कुठेच हवा बंद करायचा व्हॉल्व्ह नको. पाइपाला टाकीकडे उतार द्या, लूपमधे पाणी साचू देऊ नका, आणि मशीन हलतं म्हणून हेडजवळ गरम हवेला चालणारा जाळीचा मेटल होज टाका नाहीतर जोड तडकतो. काहीही खोलायच्या आधी प्रेशर शून्य करा.

तापमान लेझरवाल्या थर्मामीटरने बघता तर चकचकीत पाइपावर ते खूप कमी दाखवतं, हात लावायची चूक तिथेच होते, म्हणून काळ्या रंगाचा ठिपका मारून त्यावर मोजा.

मे मधे पाणी कमी निघालं म्हणून खुश होऊ नका, तेव्हा नागपूरची हवाच कोरडी असते. जुलैपासून टाकीचा ड्रेन दिवसातून दोनदा खोला.