१२३४५६७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

१२३४५६७८९ दिसायला इतकी सरळ आहे की मुलं बिनधास्त सोडवायला घेतात आणि मधेच अडकतात. भाचीच्या वहीत परवा हेच दिसलं, पान भरून भागाकार, ४७ पर्यंत जाऊन थांबली आणि खाली लिहून टाकलं "१३७१७४२१ मूळ संख्या". सगळ्यात कॉमन चूक हीच, लवकर थांबायची.

सुरुवात तिची बरोबर होती. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. फक्त बेरीज ४५ आली म्हणून संख्येलाच ४५ ने भाग जातो असं समजू नका, शेवटी ९ आहे, ५ ने जाणार कसा? आणि २७ ने पण जात नाही, कारण ९ ने भागल्यावर १३७१७४२१ उरते, तिच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चा विषय तिथेच संपला.

आता खरी गंमत. १३७१७४२१ चं वर्गमूळ साधारण ३७०३, म्हणजे ती मूळ आहे असं म्हणायचं तर ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं, आणि पहिला अवयव सापडतो तो थेट ३६०७ ला! ३५०० पर्यंत चिकाटीने गेलेला माणूसही फसेल.

म्हणून इथे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत वापरा, मला ती फार आवडते. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहायची, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब), म्हणजे अवयव आपोआप मिळतात. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, ३७०४. तिचा वर्ग १३७१९६१६, त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५, हा पूर्ण वर्ग नाही, सोडा. पुढची ३७०५, वर्ग १३७२७०२५, वजाबाकी ९६०४, आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग! मग ३७०५ मधून ९८ वजा करा, ३६०७. मिळवा, ३८०३. दोन्ही मूळ. शेकडो भागाकारांचं काम दोन पायऱ्यांत झालं. अर्थात दोन अवयव एकमेकांच्या जवळ आहेत म्हणून इतकं पटकन जमलं, लांब असते तर हीच पद्धत रडवते.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवायला विसरू नका. ३ चा घात २, बाकी दोघांचा १, म्हणून ३ × २ × २ = १२ विभाजक.

आणि या संख्येचा वर्ग एक्सेलमध्ये काढत असाल तर सावध, तिथे १५ च अंक टिकतात, नंबर फॉरमॅट लावलं तरी १५२४१५७८७५०१९०५०० दिसतं. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१. चूक पकडायला कॅल्क्युलेटर पण नको, ९ चा वर्ग ८१, म्हणजे शेवटी १ यायलाच हवा, आणि अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात हवी. एक्सेलच्या उत्तराची येते ६०, खऱ्या उत्तराची ६३.