मांजात अडकलेली घार उतरवताना

जानेवारीत घारी घरटी बांधतात, अंडी घालतात आणि नेमका तेव्हाच आकाशात मांजा भरलेला असतो. लटकलेली घार दिसली की आधी वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. विजेच्या तारेवर असेल तर काठी घेऊन पुढे होऊ नका, ते काम अग्निशमन दलाचं.

झाडावरची घार मांजा धरून खाली ओढायची नाही. प्रत्येक हिसक्याला मांजा करवतीसारखा आत जातो. आधी खालून पक्ष्याचं वजन हातावर घ्या, मग फांदीकडचा दोरा पक्ष्यापासून वीतभर अंतरावर कापा. पंखाला गुंडाळलेला दोरा तसाच राहू द्या. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, पातळ कातडीचा पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या काठातच पंख ताणून धरणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) असते. ती तुटली तर जखम भरूनही घार उडेलच असं नाही. रुतलेला दोरा म्हणूनच पशुवैद्यानेच काढायचा.

जाड टॉवेल मागून टाका, डोकं झाका. अंधार झाला की ती निवते. चोचीपेक्षा पंजे धोक्याचे, ते आधी आवळा. छाती मात्र दाबू नका: पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, नसतं; छातीचं हाड वरखाली झालं तरच श्वास चालतो. घट्ट धरलेली घार हातातच गुदमरते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉझ पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. हळद, तेल, मलम काही नको. पिसं चिकटतात आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. चोचीत पाणी तर अजिबात घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, माया म्हणून घातलेलं पाणी फुप्फुसात जातं.

ठेवायचं पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी जुना टॉवेल, बाजूंना पेन्सिल जाईल एवढी भोकं. तारेच्या पिंजऱ्यात शेपटीची आणि पंखांची पिसं मोडतात. मोडलेलं पीस गळून नवं येईपर्यंत पक्षी महिनोन् महिने अडकून पडतो.

खोक्यावर चिठ्ठी लावा: तारीख, नेमकी जागा, कोणता पंख, दोरा नायलॉनचा की काच लावलेला सुती. दोऱ्याचा तुकडा पाकिटात ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो कुठे मिळतो हे अशाच नोंदींतून कळतं. बरी झालेली घार सोडायचीही त्याच जागी. त्याआधी त्या झाडावरचा उरलेला मांजा काढून घ्या, नायलॉन कुजत नाही, पावसाळ्यापर्यंत तसाच लोंबत राहतो.