जुनी बाइक फटफट करते? एअर व्हॉल्व्ह काढू नका

६०-७० हजार किलोमीटर चाललेली कार्बोरेटरची बाइक थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमधून फटफटत असेल, तर एसएआय व्हॉल्व्ह (धूर कमी व्हावा म्हणून सायलेन्सरकडे ताजी हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह) काढून भोक बंद करायची घाई नको. अनेकदा दोष एका स्वस्त रबरी नळीचा असतो. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात रबर तडकतंच.

१. इंजिन गार करा. इनटेक मॅनिफोल्डकडून (कार्बोरेटर आणि इंजिनमधला पाइप) व्हॉल्व्हकडे जाणारी बारीक नळी दोन्ही टोकांशी वाकवून पाहा. केसासारखी चीर तिथेच दिसते. ही नळी फुटली की थ्रॉटल सोडल्यावर व्हॉल्व्ह बंद होत नाही.
२. टोकच तडकलं असेल तर ५ मिलिमीटर कापून पुन्हा बसवा, नाहीतर नळी बदला.
३. तरीही फटफट राहिली तर सायलेन्सरचं गॅस्केट (इंजिनाच्या जोडावरची सीलची चकती) बघा.

सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र कापू नका. पीयूसी अडकेल, दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो.